लाभूच्या हातचा फिल्टर

लाभूच्या हातांना डिझेलचा वास यायचा, आणि त्या वासाची तिला कधी लाज वाटली नाही. रोटला थापताना यायचा, वेणी घालताना यायचा. चोमासात, पावसाच्या महिन्यांत, मिठाच्या रणाबाहेर गावी गेली की चार-आठ दिवसांत तो विरून जायचा, तेव्हा उलट तिलाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. तिचा नवरा घेला म्हणायचा, "लोकांच्या बायकांच्या हाताला मेंदीचा वास. माझीच्या हाताला मशीनचा."

"मेंदीने मिठाचा पाटा भरत नाही," ती म्हणायची.

खरंच होतं ते. नवरात्र सरलं, रणातलं पाणी आटलं, की ही माणसं चूलबोचकं घेऊन आत यायची. कुई, म्हणजे खाऱ्या पाण्याची विहीर, खणायची, मशीन बसवायचं, आणि मग पाट्याची, मीठ पिकवायच्या वाफ्याची, जमीन तुडवायची. नुसत्या पायांनी, सकाळ-संध्याकाळ, महिनाभर, ती दगडासारखी होईपर्यंत. या पाट्याची जमीन पहिल्यांदा घेलाच्या बापाने आणि आईने तुडवली होती. लाभू लग्न होऊन आली ती याच चिखलात उतरली. हळदीचे पाय तिने इथेच धुतले म्हणायला हरकत नाही. जमीन बसली की मशीन खारं पाणी ओढायला लागायचं. दिवसाचे वीस-वीस तास. पाटा पाणी प्यायचा आणि ऊन त्या पाण्याचं मीठ करायचं. माणसाने दंताळं फिरवायचं आणि मशीनला बंद पडू द्यायचं नाही.

दंताळं फिरवताना लाभू गायची. गळा काही खास नव्हता, पण मशीनच्या ठेक्यावर शब्द आपसूक चढायचे:

*रणामधी नाही झाड, नाही पाखराला थारा*
*माझ्या मशीनच्या नादी वाहे दिसभर वारा.*

मशीनचं करणं तिला सासूने शिकवलं. रूडीमाने. तेव्हाचं मशीन जुनं होतं, मोठ्या चाकाचं, थकला बैल चालावा तसं चालणारं. त्याच्या पोटात पितळी तारेची जाळी होती. आठवड्याला ती जाळी काढायची, डिझेलात बुडवायची, घासायची आणि उन्हावर धरायची. एकेका भोकातून सूर्य दिसला पाहिजे. "गळा साफ तर पोट साफ," रूडीमा म्हणायची, "माणसाचं काय आणि मशीनचं काय." ते मशीन बावीस वर्षं चाललं. रूडीमा त्याच्या आधी गेली.

पाच वर्षांमागे नवं मशीन आलं. बुटकं, चपळ, दुप्पट पाणी ओढणारं. त्याच्या कुशीला लोखंडी वाटी होती आणि वाटीत तेल गाळायला कागदाचा फिल्टर, घागऱ्याला चुण्या असाव्यात तशा घड्यांचा. शेठ हंगामाला दोन फिल्टर द्यायचा. चहापत्ती, मिरची, तेलाचे कॅन यांच्याबरोबर तेही बांधून यायचे. जाळीची रीत निराळी आणि कागदाची निराळी, हे कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? मशीन घेऊन आलेला माणूस चालू करून दाखवून, पाणी पिऊन, उजेड आहे तोवर निघून गेला होता.

तेव्हा लाभूने आपलीच रीत बसवली. तीन डबे. पहिल्या डब्यात फिल्टर नुसता बुडवून ठेवायचा, काळं सुटेपर्यंत. दुसऱ्यात हलक्या ब्रशने एकेक घडी उघडून घासायची, लेकराच्या कानामागचा मळ काढावा तशी. तिसऱ्यात चोख डिझेल. त्यात शेवटचं विसळायचं. मग सायकलचा पंप घेऊन आतून बाहेर हवा मारायची, जुन्या ओढणीवर ठेवायचा आणि वरून टोपली पालथी घालायची, धूळ बसू नये म्हणून. तोवर मशीनमध्ये दुसरा असायचा, आणि संध्याकाळपर्यंत हा वाळून पिवळाधमक व्हायचा. काळा गेलेला पिवळा आला, याचं तिला दर खेपेला नव्याने कौतुक वाटायचं.

हे आसपासच्या पाट्यांवर पसरलं. कोसभरावर कनकूचा पाटा होता. तिने एकदा आपला फिल्टर आणून दिला, "माझाही धू गं, माझ्या हाताला वळण नाही." मग कनकूने पुढच्या पाट्यावर सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्या. टँकरवाला पाणी द्यायला यायचा तेव्हा दोन-तीन फिल्टर फडक्यात बांधून आणायचा आणि परतताना धुतलेले घेऊन जायचा. सहा पाट्यांचे फिल्टर लाभूच्या हाताखालून जात होते. कनकू तर जिभेची तिखट, तिने होळीला गाणंच रचलं होतं:

*लाभूच्या गं हाताखाली काळं तेल झालं पाणी,*
*कोण्या राजाला मिळावी अशी मशीनाची राणी?*

"राजाला कशाला," घेला लांबून ओरडला होता, "घेलाला मिळाली की." बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

यंदा दाणा असा बसला होता की बघत राहावं. मागच्या वर्षी अवकाळी पाऊस पडून तयार मीठ वाहून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी कुईचं पाणीच फितूर झालं. दोन वर्षं वाया गेलेली, आणि शेठने मुनीमाकरवी सांगून ठेवलं होतं की तिसरं गेलं तर पाटा दुसऱ्याला द्यावा लागेल. मोठ्याने बोलला नव्हता. शेठ मोठ्याने बोलतच नाही. पाटा गेला तर मोरबीला कौलांच्या भट्टीवर जायचं, हे ठरल्यासारखं होतं. लाभूची जाऊ गेली होती तिकडे. चार वर्षांत एकदाच भेटायला आली, तेव्हा घेलाला, आपल्याच दिराला, ओळखायला तिला क्षण लागला होता.

म्हणून फागणात दाणा हरभऱ्याएवढा झाला तेव्हा दोघंही त्याच्याबद्दल बोलेनाशी झाली. दृष्ट लागेल म्हणून. घेला नुसता सकाळी पाण्यात हात घालायचा, मूठभर काढायचा, उन्हात धरायचा आणि परत सोडून द्यायचा. आणखी वीस-पंचवीस दिवस. तेवढे दिवस ताजं खारं पाणी मिळत राहिलं की झालं. पाणी तुटलं तर मात्र पाट्यात मागे उरतं ते कडू पाणी, आणि चार-पाच दिवसांत ती कडू चव दाण्यात शिरते. ते मीठ कोणी घेत नाही. गुरांनाही कोणी घालत नाही.

मशीन बिघडतंय हे पहिल्यांदा लाभूलाच कळलं. आवाजात काही नव्हतं, धुरात होतं. धूर निळसर यायला लागला. मग तेल जास्त पिऊ लागलं. आठवड्याचा कॅन तीन दिवसांत संपायचा.

"ऐकताय का," ती घेलाला म्हणाली, "याचा गळा धरलाय काहीतरी."

"तुझ्याच हातात आहे त्याचा गळा," घेला म्हणाला. "धू."

ती धूत होती. आठवड्याला एकदा धुवायची ती चौथ्या दिवशी धुवायला लागली. आणि एके दिवशी तिसऱ्या डब्याच्या तळाशी तिला काहीतरी चमकताना दिसलं. बारीक, सोनेरी, डबा हलवला की उन्हात तरंगून येणारं. तिने घेलाला हाक मारली.

"बघा तरी. किती झळकतंय."

घेलाने वाकून पाहिलं. "रणात सोनं निघालं म्हणायचं." त्याने बोट बुडवून ते तिच्या कपाळाला टेकवलं. "घे, दागिना." ती लाजली. दिवसभर तिने ते पुसलं नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी मशीनच्या आत ठोका वाजायला लागला. टक-टक, टक-टक, कोणीतरी आतून दार वाजवावं तसा. घेला हातातलं दंताळं टाकून धावला. तो मशीनपाशी पोचायच्या आत आतून एक करकर निघाली, दात खाल्ल्यासारखी, आणि चाक थांबलं.

रणात वारा होता, ऊन होतं, सगळं होतं. फक्त आवाज नव्हता. पाईपातून पाण्याची शेवटची धार पडली, मग थेंब, मग तेही नाही. घेलाने चाकाला हँडल लावून ओढून पाहिलं. चाक जागचं हललं नाही.

तो कुईतून काढलेल्या मातीच्या ढिगावर चढला. फोनला रेंज तिथेच मिळायची. लाभू खालून त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो बराच वेळ कानाला फोन लावून नुसता उभा होता, मग बोलला, मग खाली उतरला.

"वशराम उद्या येतो म्हणाला."

"आज नाही?"

"आज त्याचा हात तीन मशीनांत अडकलाय."

वशराम मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवर आला. पिशवीत पाने-पक्कड, डोक्याला रुमाल, दाढीवर मिठाची पूड. लाभूने काळा चहा दिला. तो बशीत ओतून प्यायला आणि मशीनकडे तोंड करून म्हणाला, "बोल बाबा, कोणी मारलं तुला?"

"तुम्ही उघडा तर," घेला म्हणाला.

"उघडतो. मशीन आणि सासू, दोघींना आधी बोलतं करावं लागतं. एकदम हात घातला की चावतात."

तासाभरात त्याने मशीनचं पोट उघडलं. हसणं-बोलणं कमी होत गेलं आणि मग थांबलं. त्याने क्रँक, चाक फिरवणारा आतला दांडा, बाहेर काढून पोत्यावर ठेवला. जिथे आरशासारखा गुळगुळीत असायला हवा, तिथे त्यावर खोल चरे पडले होते. बेअरिंगच्या पातळ वाट्या हातात घेतल्या तर एकीचा वरचा थर पार खाऊन गेलेला, तांबडा धातू उघडा पडलेला. लायनरमधे, दट्ट्या चालतो त्या नळीत, त्याने बोट फिरवलं आणि ते लाभूसमोर धरलं.

"हात लावून बघ, बेन. काच खरवडल्यासारखं."

मग म्हणाला, "फिल्टर आण."

तिने आणला. परवाच धुतलेला, पिवळा. तो टोपलीखालून काढताना, सगळं असं झालेलं असतानाही, तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात थोडा अभिमान होता. निदान याच्यात तरी खोट निघणार नाही.

वशरामने तो फिरवून फिरवून बघितला.

"हा कोणी धुतला?"

"मीच. तीन डब्यांत."

"दिसतोय चांगला," तो म्हणाला, आणि ते त्याने अशा आवाजात म्हटलं की घेलाने मान वर केली. वशरामने करवतीचं पातं घेऊन फिल्टर कापला. घड्या उलगडून कागद लांब पसरला आणि उन्हावर धरला. रूडीमा जाळी धरायची तसाच. कागदभर उजेडाचे टिपके होते.

"दिसतोय ना उजेड? जाळी असती तर म्हटलं असतं, वा. पण हा कागद. कागदात भोकं नसतात, बेन. गुंता असतो, पिंजलेल्या कापसासारखा. त्याला डिझेलात भिजवून ब्रश मारला की गुंता सुटतो. आणि हे बघ, कडेचा सरस. हाही सुटला. मग तेल कागदातून जातच नाही, कडेने पळतं."

"पण कचरा निघतो," लाभू म्हणाली. "पहिल्या डब्यात किती काळं निघतं, तुम्ही बघा तरी."

"निघतो तो जाडा. जाड्याने मशीन मरत नाही. मारतो तो बारीक, डोळ्याला न दिसणारा. रणाची धूळ." त्याने जमिनीवरून चिमूट उचलली आणि सोडली, ती खाली पडलीच नाही, हवेतच राहिली. "क्रँक आणि बेअरिंगच्या मधे तेलाचा एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. जाडा कण तिथे शिरत नाही. अगदी बारीक असला तर तेलाबरोबर निघून जातो. हा मधला, मापात बसणारा, हा आत राहतो. आणि कानशीसारखा घासत राहतो. दिवसाचे वीस तास."

"वशरामभाई," घेला म्हणाला, "चहा घ्या अजून."

"ते सोनेरी," लाभू म्हणाली. "डब्याच्या तळाशी सोनेरी काहीतरी यायचं."

वशरामने घेलाकडे बघितलं. घेलाने मान खाली घातली.

"बेअरिंगचा धातू तो," वशराम म्हणाला. "मशीनचं हाडच म्हण."

लाभूचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. "मी या महिन्यात दर चौथ्या दिवशी धुतला. धूर निळा झाला म्हणून. मी जास्त धुतला."

"पुरे आता," घेला मिस्त्रीला म्हणाला.

"मी विचारतेय. जास्त धुतला म्हणून झालं?"

वशराम चांगला माणूस होता. त्याला खोटं बोलता आलं असतं, पण मशीन समोर उघडं पडलेलं असताना त्याच्या तोंडून खोटं निघालं नाही. "दर खेपेला थोडा जास्त सुटला असेल. पण तुझा काय दोष? इतकं चालणाऱ्या मशीनला दर बारा दिवसांनी नवा फिल्टर घालायचा असतो. पुस्तकात लिहिलेलं असतं."

"शेठ हंगामाला दोन देतो," घेला म्हणाला.

"मग शेठला पुस्तक वाचायला सांग."

क्रँक राजकोटला नेऊन घासून आणायला लागणार होता. हंगाम भरातला, तिथे रणातल्या क्रँकांची रांग लागलेली. आठवडा तर नक्की. घेलाने क्रँक पोत्यात गुंडाळला आणि वशरामच्या मागे बसताना तो लाभूला म्हणाला, "कनकूकडे जा. त्यांचं मशीन दिवसाआड चार तास मिळालं तरी पाटा जगेल. तिचा पोरगा देवशी त्याच्या छकडो रिक्षात घालून आणून देईल. रणाची रीत आहे, ते नाही म्हणायचे नाहीत."

रीत होतीच. एकाचं मशीन मेलं तर शेजारचं मशीन त्याच्या कुईवर येऊन पाणी द्यायचं. त्याला उपकार म्हणत नसत. रूडीमाच्या काळात याच पाट्यावरचं मशीन दोन हंगाम दुसऱ्यांच्या कुयांवर जाऊन आलं होतं.

"ऐकलंस ना? आज संध्याकाळच्या आत सांग तिला."

"ऐकलं."

"आणि ते दुसरं," घेला म्हणाला, "ते मनात धरू नकोस. आई पण असंच करायची."

मोटारसायकल गेली. धुळीची रेघ कितीतरी वेळ तशीच हवेत राहिली, आणि लाभू त्या रेघेकडे बघत राहिली. इतके दिवस तिने धूळ डोळ्यांनी बघितली होती आणि ती दिसते तेवढीच आहे असं समजली होती.

कनकूच्या पाट्याची वाट तिच्या पायांना पाठ होती. कोसभर सरळ, वळण नाही, झाड नाही. अर्ध्या वाटेवर तिला कनकूचं मशीन ऐकू यायला लागलं आणि त्या आवाजाबरोबर ती गोष्ट तिच्या मनात आली जी ती वशराम बोलत असल्यापासून येऊ देत नव्हती. कनकूचा फिल्टर चार वर्षं तिच्या हातात होता. शेवटचा परवाच धुतला होता, आपल्याच्या शेजारी, त्याच टोपलीखाली. आणि कनकूच्या पुढचा पाटा. आणि त्याच्या पुढचा. सहा मशीनं. प्रत्येकाच्या आत तिने आपल्या हाताने, तीन-तीन डब्यांतून काढून, बारीक धूळ जायला वाट करून दिली होती.

सांगायचं नाही, असा विचार तिच्या मनात आला. एकदाच आला आणि पक्का आला. सांगितलं नाही तर मशीन मिळेल. आठ दिवसांत चार खेपा. तेवढ्यात ते मरणार नाही. मेलंच तर मग मरेल. आणि पाटा राहील. मोरबी राहील तिकडेच, मोरबीत. तिने चालण्याचा वेग वाढवला.

कनकू झोपडीबाहेर बसून बाजरी निवडत होती. लाभूला बघून उठली.

"टँकरवाल्याने सांगितलं मला. बैस आधी. तोंड बघ कसं झालंय, सुकलेल्या वांग्यासारखं." तिने पाण्याचा लोटा पुढे केला. "देवशीला मी सांगितलंय. उद्या उजाडताच मशीन टाकतो तुझ्या कुईवर. एक दिवस तू, एक दिवस मी. आणि तुझा नवरा येईपर्यंत जेवायला इकडेच ये. एकटीला चूल पेटवायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे."

विचारावंही लागलं नव्हतं. लाभूने लोटा हातात धरला आणि प्यायली नाही. ती मशीन ऐकत होती. चाकाच्या घरघरीखाली, अगदी खाली, अजून कोणाला ऐकू येणार नाही इतका हलका, तोच ठोका होता. टक-टक. टक-टक.

"काय गं?" कनकू म्हणाली. "पी की."

"निळा धूर येतो का तुमच्याला?"

"येतो थोडा. का?"

"तेल जास्त पितं?"

"पितं. देवशी म्हणाला, म्हातारं झालंय, प्यायची सवय लागली असेल. तुझ्यासारखंच ना? तुझ्यालाही हेच झालं होतं?"

लाभूने लोटा खाली ठेवला. मग तिने सांगितलं. वशरामचे शब्द जसेच्या तसे, गुंता, सरस, कांद्याचा पापुद्रा. सोनेरी चुऱ्याचंही सांगितलं. सांगताना तिने कनकूकडे बघितलं नाही, पाट्याकडे बघितलं. कनकूचाही दाणा चांगला बसला होता यंदा.

बाजरीचा एक दाणा कनकूने सुपातून उचलला, बघितला आणि टाकला.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"काय?"

"तुझ्या कानाला कळतं ना. किती दिवस चालेल ते?"

"कळत नाही. दहा. सांभाळलं तर पंधरा. दुसऱ्या कुईवर ओढायला लावलं तर कमी."

"आम्हाला अठरा लागतात."

"माहीत आहे."

कनकूने सूप बाजूला ठेवलं. "मग मी तुला देऊ कशी?" ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तूच सांग. कशी देऊ?"

"नको देऊस. तेच सांगायला आले."

"तू ते सांगायला नव्हती आलीस," कनकू म्हणाली.

लाभू उठली. जेवून जा असं कनकू म्हणाली नाही. थोडी लांब गेल्यावर मागून तिने हाक मारली, "पुढच्यांना मी सांगते. तू नको जाऊस." हे दयेने म्हटलं की कशाने, ते लाभूला कळलं नाही, आणि ती मागे वळली नाही.

पुढचे दिवस तिने पाट्याकाठी काढले. दंताळं फिरवत राहिली. पाणी कमी होत होतं तरी फिरवत राहिली. पाट्याच्या कडा उघड्या पडल्या, मग मधले उंचवटे. उरलेलं पाणी तेलकट, जड दिसायला लागलं. चौथ्या दिवशी तिने एक दाणा जिभेवर ठेवला. खारट. पाचव्या दिवशी ठेवला. खारट, आणि मागून जिभेच्या मुळाशी काहीतरी. सहाव्या दिवशी ठेवला आणि लगेच काढला नाही. विरघळेपर्यंत तोंडात धरला, म्हणजे चुकत असेन तर कळेल. चुकत नव्हती. कडूलिंब असावा तसं कडू नाही. कोणीतरी रागाने न बोलता निघून गेल्यावर तोंडात उरतं तसं.

घेला नवव्या दिवशी टँकरबरोबर आला. खांद्यावर पोतं, पोत्यात चकचकीत घासलेला क्रँक, नव्या बेअरिंगांच्या वाट्या आणि खिशात कागदी डब्यातला एक फिल्टर. तो काही विचारण्याआधी तिने मूठभर मीठ त्याच्यापुढे धरलं.

त्याने एक दाणा चाखला आणि थुंकला. पाट्याकडे बघितलं. त्याच्या बापाने तुडवलेली जमीन एका कोपऱ्यात उघडी पडली होती, मिठाच्या पांढऱ्या पापुद्र्याखाली काळी.

"कनकूने नाही दिलं?"

"तिने दिलं होतं. मी घेतलं नाही."

तिने सगळं सांगितलं. ऐकून तो मशीनच्या ओट्यावर बसला आणि कितीतरी वेळ क्रँकवरून अंगठा फिरवत राहिला. गुळगुळीत होता. नव्यासारखा.

"सांगितलं नसतंस तर," तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडलं. ते वाक्य तिने आठ दिवस पुरं करून पाहिलं होतं.

"फिल्टर एकच आणलात?"

"एकच होता दुकानात. सगळ्या रणाने नेलेत. कोणीतरी सांगत फिरतंय म्हणे, धुऊ नका म्हणून."

"द्या इकडे."

"आपल्या मशीनला काय घालू मग?"

"आपल्या मशीनने आता पाणी ओढून कोणाला पाजायचं?"

खिशातून डबा काढून घेलाने तिच्या हातावर ठेवला आणि मग झोपडीत जाऊन पाठमोरा आडवा झाला.

ती कोसभर चालली. कनकूचं मशीन चालू होतं; ते दुरूनच कळलं, आणि ठोका आता दुरूनही कळत होता. कनकूने डबा घेतला, देवशीला हाक मारली. देवशीने मशीन थांबवलं. ते थांबलं तेव्हा तिघंही एकमेकांकडे न बघता उभी राहिली, परत चालू होईल की नाही या भीतीने. त्याने वाटी उघडली, जुना फिल्टर काढून जमिनीवर ठेवला, नवा बसवला, ताजं तेल ओतलं, हँडल मारलं. दोनदा अडखळून मशीन चालू झालं. पाईपाने पाणी ओकलं.

नवा फिल्टर पुढची धूळ थांबवेल. जे खाऊन गेलं आहे ते तो कुठून भरून देणार?

कनकूने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कान मशीनकडे केला. या आठ दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मग ती लाभूकडे वळली, कारण त्या सगळ्या रणात ऐकणारे कान एकीचेच होते.

"आता बरा आहे ना गं आवाज?"

लाभूने ऐकलं. घरघरीखाली ठोका होता. मागच्या खेपेपेक्षा जाड.

"बरा आहे," ती म्हणाली.

कनकूने मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.